गोचीड ताप गेला, पण मादी गाभण राहत नाही

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझ्याकडे कारवानी या शिकारी जातीचा चार वर्षांचा नर कुत्रा आहे, बादल नावाचा. गणपती बसायच्या आठवड्यात त्याला गोचीड ताप झाला. १०५ ताप, नाकातून रक्त, प्लेटलेट ३८ हजार. अंडकोशाला सूज येऊन पाणी उतरल्यासारखं झालं होतं. आमच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, डॉक्सी (डॉक्सिसायक्लीन) चालू केली, प्लेटलेटसाठी थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्याही दिल्या. बाराव्या दिवशी कुत्रा भाकरीवर तुटून पडला, म्हणून आम्ही गोळ्या बंद केल्या. त्यानंतर दसऱ्याला, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आणि संक्रांतीला अशी तीन मेटिंग झाली. तिन्ही वेळा लॉक (नर-मादी अडकून राहणं) नीट झालं, पण एकही मादी राहिली नाही. आजाराच्या आधी याच नराची सात आणि आठ पिल्लांची वेतं झाली आहेत. आता गावात ‘गोचिडीनं नर बाद केला’ असं बोलतात. मेडिकलवाला म्हणतो, ताकदीचं हार्मोनचं इंजेक्शन मारा. मारू का?
– एक वाचक, जत तालुका

उत्तर : नको, अजिबात मारू नका. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून मेडिकलमधून परत या. ते इंजेक्शन म्हणजे टेस्टोस्टेरॉन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो वृषणाला हुकूम द्यायचं थांबवतो. वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन उलट घटतं आणि शुक्रजंतू तयार होणं मंदावतं, कधी बंदच पडतं. कुत्रा जोशात दिसेल, चढेल, लॉकही होईल, आणि वीर्यात काही नसेल. तुमच्या नराला जोशाची कमतरता मुळात नाहीच. तीन वेळा लॉक झालंय म्हणता ना?

आता मुद्द्याचं. बादल ‘बाद’ झालाय असं तुमच्या पत्रावरून ठरत नाही. तारखा मांडून बघा. कुत्र्याच्या वृषणात एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ६२ दिवस लागतात. मग तो वृषणाला चिकटलेल्या गुंडाळ्या नळीतून, म्हणजे एपिडिडायमिसमधून, पुढे सरकत परिपक्व होतो. त्याला आणखी १० ते १४ दिवस. म्हणजे आज जे वीर्य पडतं त्याची सुरुवात अडीच महिन्यांपूर्वी झालेली असते. गणपतीपासून दसरा जेमतेम पाच आठवड्यांवर. त्या मेटिंगला जे शुक्रजंतू गेले ते ऐन तापात वृषणात घडत होते. तुळशीच्या लग्नापर्यंत झाले सव्वादोन महिने, तेही कमीच. ही दोन मेटिंग हिशेबातून काढून टाका. ती फुकट जाणारच होती. आमच्याकडे कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की दोन्ही मालकांचा प्रवासखर्च वाचवा.

राहिलं संक्रांतीचं. तेवढ्यावरून मात्र मी शंका घेईन, आणि ती फक्त नरावर नाही. मादी कुठल्या दिवशी लावली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे रक्त दिसल्यापासून दहावा-बारावा दिवस धरायची पद्धत आहे. बऱ्याच माद्यांना ती लागू पडते. पण एखादी मादी सातव्या दिवशी बीज सोडते, एखादी विसाव्याच्याही पुढे. शिवाय कुत्रीचं बीज सुटल्यावर लगेच फळत नाही, ते पिकायला साधारण दोन दिवस जातात. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दर दोन दिवसांनी तपासलं की हे नेमकं कळतं. मादी दोन दिवस ठेवली, एकदा लॉक झालं, मालक घेऊन गेला, असा प्रकार असेल तर नराला दोष देण्याआधी मादीच्या तारखा मागवा.

एवढं सांगून झाल्यावर गोचीड तापाकडे येते, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे की ते मी दोनदा वाचलं : अंडकोशाला सूज होती.

आपल्याकडे ज्याला सरसकट गोचीड ताप म्हणतात त्यात निदान तीन वेगळे जंतू मोडतात. नाकातून रक्त आणि प्लेटलेट धाडकन खाली, हे लक्षण प्रामुख्याने एर्लिकिया कॅनिसचं. हा जंतू १९३५ मध्ये अल्जीरियात पहिल्यांदा कुत्र्यांत ओळखला गेला. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे, बहुतेक जर्मन शेफर्ड, याच्याच पायी नाकातून रक्त वाहून मेले, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. दुसरा बबेसिया, तो तांबड्या पेशी फोडतो. लघवी चहाच्या रंगाची होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. यातला बबेसिया गिब्सोनी तर आपल्याच देशातला शोध. १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या तांड्यात तो सापडला आणि मग कोल्ह्यातही. कारवानी पाळणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. (ससा-कोल्ह्यामागे कुत्रा सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही सोडत नसालच.) तिसरा हेपॅटोझून, त्यात गोचीड चावून नव्हे, तर कुत्र्याने गोचीड चावून गिळल्यावर लागण होते.

एर्लिकिया नराच्या प्रजननावर तीन वाटांनी येतो. पहिली वाट तापाची. वृषण शरीराबाहेर लोंबकळतं ते उगाच नाही, त्याला अंगापेक्षा दोन-तीन अंश सेल्सिअस थंड राहावं लागतं. कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ वर चार-सहा दिवस राहिलं की घडत असलेल्या शुक्रजंतूंची ती पूर्ण फळी खराब होते. हे नुकसान बहुतेकदा भरून येतं, फक्त अडीच-तीन महिने द्यावे लागतात.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. या आजारात बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, त्या पाझरतात. प्लेटलेट कमी असल्यामुळे पाझरलेलं रक्त थांबत नाही. डोळ्यात होतं, नाकात होतं, तसंच अंडकोशाच्या कातडीत आणि वृषणाच्या आतही होतं. तुम्ही पाहिलेली सूज बहुधा तीच. नुसती कातडी सुजली असेल तर काळजी कमी. आतल्या गाभ्यात रक्त साकळलं असेल तर तिथे पुढे व्रणाचा तंतू तयार होतो, आणि त्या जागी शुक्रजंतू घडत नाहीत.

तिसरी वाट सगळ्यात चिवट. शुक्रजंतू शरीराच्या पहारेकरी पेशींना एरवी दिसू नयेत म्हणून वृषणात एक आडपडदा असतो. सुजेने तो फाटला की शरीर स्वतःच्याच शुक्रजंतूंना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतं. जंतू मेला तरी हा तंटा चालू राहू शकतो. असे वृषण हळूहळू आकसतात.

स्टेरॉइडबद्दल तुमच्या मनात किंतू असेल तर काढून टाका. प्लेटलेट शरीरच मारत असतं तेव्हा ते द्यावं लागतं, आणि थोड्या दिवसांच्या गोळ्यांवर हे खापर फोडता येणार नाही. महिनोन्‌महिने चाललेल्या स्टेरॉइडने मात्र टेस्टोस्टेरॉन उतरतं, वीर्यही पातळ पडतं.

चूक झाली ती बाराव्या दिवशी गोळ्या थांबवण्यात. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लीन २८ दिवस, वजनाच्या किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळा विभागून. कुत्रा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खायला लागतो, हीच या आजाराची खोड. जंतू रक्तातून कमी होतो आणि प्लीहेत, हाडांच्या मगजात दबा धरून बसतो. वर्ष, दोन वर्षं कुत्रा धडधाकट दिसतो, प्लेटलेट तेवढ्या किंचित कमी. आणि मग एका उन्हाळ्यात मगजच काम सोडतो. त्या टप्प्यावरचे कुत्रे वाचवणं फार अवघड. म्हणून बादलच्या पिल्लांचा विचार नंतर. आधी रक्ततपासणी, प्लेटलेटसह. लघवीतली प्रथिनं. जमल्यास पीसीआर, म्हणजे खुद्द जंतूचा अंश शोधणारी चाचणी. नुसती अँटीबॉडीची कार्ड टेस्ट करून घाबरू नका. आजार पूर्ण बरा झाल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त पॉझिटिव्ह येत राहते. दोन लाखांच्या खाली प्लेटलेट अडकून बसलेल्या असतील किंवा पीसीआर पॉझिटिव्ह असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून कोर्स पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण २८ दिवस. गोळी दुधातून देऊ नका, दुधातल्या कॅल्शियमने औषध कमी लागू पडतं. कोरडी घशात ढकलू नका, अन्ननलिकेत चिकटून जखम करते. भाकरी कुस्करून रश्श्यात भिजवायची, त्यात गोळी, वरून पाणी.

आता घरीच करायची एक गोष्ट. बादलला उभा करा, तोंडाशी ओळखीचं माणूस ठेवा, आणि मागून हलक्या हाताने दोन्ही वृषणं चाचपा. दोन्ही सारख्या आकाराची हवीत, उकडून सोललेल्या अंड्यासारखी घट्ट पण दबणारी. पिलपिलीत लागलं, किंवा एकीकडे सुपारी आणि दुसरीकडे नेहमीचं, किंवा मागच्या टोकाला गाठ हाताला लागून कुत्रा वळून गुरगुरला, तर ते सगळं लिहून डॉक्टरांना दाखवा.

यानंतर वीर्य तपासणी. तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ. आधी फोन करून प्रजनन विभागात कुत्र्याचं वीर्य कोणत्या दिवशी तपासतात ते विचारा. माजावरची मादी सोबत असेल तर फार बरं, नर खुलतो. वीर्य हाताने घेतात, कुत्र्याला त्रास होत नाही. तीन भागांत येतं : आधी थोडं पाणी, मग दुधाळ भाग, शेवटी प्रोस्टेटचं भरपूर पाणी. आपल्या कामाचा तो मधला, दुधाळ. मी स्वतः काच कोमट केल्याशिवाय थेंब टाकत नाही. डिसेंबरात सकाळी गार काचेवर चांगल्या नराचे शुक्रजंतूही मलूल दिसतात आणि मालकाचं तोंड उतरतं. धडधाकट नराचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली नुसता भोवऱ्यात फिरत असतो. तापातून उठलेल्या नराच्या थेंबात वेगळंच चित्र : डोकी एकीकडे, शेपट्या एकीकडे; काही शेपट्या वेटोळं करून बसलेल्या; काही जंतू जागच्या जागी थरथरतात, पुढे जात नाहीत. निम्म्याहून जास्त असे असले तर मादी राहण्याची आशा फार कमी, मग लॉक अर्धा तास का होईना.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा. पुढे पोहणारे ७० टक्क्यांच्या वर, आकाराने नीट असलेलेही तेवढेच, आणि बादलच्या आकाराच्या कुत्र्यात एका वेळचे एकूण जंतू २० ते ३० कोटींच्या वर. बरेच महिने न लावलेल्या नराचा पहिला नमुना जुन्या, मेलेल्या जंतूंनी भरलेला असतो; त्यावरून निकाल देऊ नये, चार-पाच दिवसांनी दुसरा घ्यावा.

एकही शुक्रजंतू दिसला नाही तर त्याच नमुन्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम तपासायला सांगा. हे साधं रक्ततपासणीच्या यंत्रावर होतं, पण विचारल्याशिवाय कुणी करत नाही. ते एपिडिडायमिसमधून येतं. आकडा ५ हजारांच्या खूप वर असेल तर वाट मोकळी आहे आणि कारखानाच बंद आहे असा अर्थ. आकडा फारच कमी असेल तर एकतर नमुना अर्धवट पडला, किंवा नळ्या दोन्हीकडे बुजल्या. जंतू थोडे आहेत, वाकडे आहेत, पण आहेत, असं निघालं तर मी आनंदाने तुम्हाला थांबायला सांगेन. अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर मेटिंग नाही, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बांधणं नाही. जतचा एप्रिल वृषणाला तापाइतकाच वाईट. दोन तपासण्यांत अडीच महिन्यांचं अंतर ठेवूनही शून्यच, आणि वृषणं आकसलेली, तर मात्र गावकरी म्हणतात ते खरं धरा. मग बादल घर राखेल, पळेल, मुलांशी खेळेल.

आणि वरच्या सगळ्याच्याही आधी करायची एक तपासणी : ब्रुसेला या जंतूची. अंडकोश सुजणं, नर निकामी होणं, माद्या न राहणं किंवा शेवटच्या पंधरवड्यात पिल्लं टाकणं, हे सगळं गोचिडीशिवाय ब्रुसेला कॅनिसनेही होतं. तो मेटिंगमधून थेट पसरतो, औषधाने पुरता जात नाही, आणि माणसालाही होतो. गावाकडे आणखी एक वाट : गाभडलेल्या गाईची वार उकिरड्यावर टाकतात, कुत्री ती ओढून खातात, आणि गाईचा ब्रुसेला कुत्र्यात येतो. वार पुरा. हाताळताना हातमोजे घाला. आणि बादलचा रिपोर्ट हातात येईपर्यंत त्याच्याजवळ कुणाचीही मादी आणू देऊ नका. ज्या तीन मालकांच्या माद्या राहिल्या नाहीत त्यांनाही हे कळवा, वाईटपणा आला तरी.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या लॅब्रॅडॉर नराला मागच्या महिन्यात एर्लिकिया झाला, डॉक्सीचा विसावा दिवस चालू आहे. नातेवाइकांची मादी पुढच्या आठवड्यात माजावर येईल. नरापासून तिला हा आजार मेटिंगमधून लागेल का? ते मादी चार दिवस आमच्याकडेच ठेवणार आहेत. – पुणे

उत्तर : या माजाला नको. नातेवाईक रुसतील, सहा-सात महिन्यांनी पुन्हा माज येईल तेव्हा रुसवा निघेल. नर अजून औषधावर आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचं आत्ताचं वीर्य तापातलं आहे. नाहीतरी मादी राहण्याची आशा थोडी.

तुमची भीती मेटिंगची, माझी भीती ते चार दिवस. एर्लिकिया पोहोचवते ती तपकिरी गोचीड. तुमच्या नराच्या अंगावर ती आली म्हणजे घरात, बाल्कनीत, जिन्याच्या कोपऱ्यात आणखी आहेत. त्यांनी तुमच्या आजारी नराचं रक्त पिऊन झालंय. पाहुणी चार दिवस त्याच जागी झोपणार, तिच्या अंगावर त्या चढणार, आणि चावल्यावर लागण व्हायला काही तासच पुरतात. शिवाय परत जाताना दोन-चार गोचिडी ती सोबत घेऊन जाईल आणि नातेवाइकांच्या घरी वस्ती करून देईल. मग मेटिंगमधून लागलं असं सगळे म्हणणार.

बबेसिया गिब्सोनीचं थोडं वेगळं आहे. तो चावाचावीतून, रक्ताला रक्त लागून पसरतो, आणि आजारी आईकडून पोटातल्या पिल्लांतही जातो. नर आणि मादी एकमेकांना फाडून खायला उठतात तसलं जबरदस्तीचं मेटिंग म्हणूनही करू नये. तोंडाला जाळी बांधून मादी धरून ठेवणारे लोक मी पाहिलेत. मादी उभी राहत नाही याचा अर्थ तिचा दिवस आलेला नाही, एवढं साधं त्यांना कळत नाही. आणि तुमचा नर पूर्वी कधी रक्तदाता म्हणून वापरला असेल तर त्या डॉक्टरांना त्याचं निदान कळवा. यापुढे त्याचं रक्त कुणाला देऊ नये.

पुढच्या माजाला आणायचंच ठरलं तर दोघांनाही महिनाभर आधीपासून गोचिडीचं औषध चालू असावं, नराच्या प्लेटलेट नॉर्मल असाव्यात, वीर्य एकदा बघितलेलं असावं. दोघांचा ब्रुसेलाचा रिपोर्ट घ्याच, नात्यातली मादी असली तरी. प्लेटलेट कमी असताना नर लावणं वेगळ्या कारणानेही धोक्याचं आहे : लॉक असताना ओढाताण झाली तर लिंगातून रक्त थांबत नाही.

प्रश्न : औषधं देऊन थकलो. कुत्रा साफ करतो, आठ दिवसांत पुन्हा गोचिडी. भिंतीवर चढताना दिसतात. आमचा नर ब्रीडिंगचा आहे, मग कोणतं औषध त्याच्या बीजाला बाधणार नाही? शेजारी म्हणतात गुरांचं इंजेक्शन द्या, एका फटक्यात जातात. – लातूर

उत्तर : भिंतीवर चढताना दिसतात त्याच तुमच्या खऱ्या गोचिडी. कुत्र्यावरच्या थोड्याच. ही जात रक्त पिऊन टम्म झाली की अंगावरून उतरते आणि वर चढते, खाली नाही. दरवाजाच्या चौकटीमागे, पंख्याच्या पाइपाजवळ, फोटोच्या मागे, फटीत जाऊन एक मादी दोन ते चार हजार अंडी घालते. लोक फरशी फिनाइलने पुसतात आणि अंडी डोक्याच्या वर. टॉर्च घ्या, फटी बघा, सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. कीटकनाशकाची फवारणी भिंतीच्या वरच्या अर्ध्यापर्यंत करा, कुत्रा तिथे नसताना, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. सापडलेली गोचीड नखाने चिरडू नका. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका.

कुत्र्यासाठी सध्या सगळ्यात भरवशाच्या त्या चघळायच्या गोळ्या, फ्लुरालेनर वगैरे गटातल्या. फ्लुरालेनर प्रजननाच्या, गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्र्यांनाही चालतं असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे, आणि एक गोळी सुमारे बारा आठवडे पुरते. या गटातल्या प्रत्येक औषधाबद्दल तसं लिहिलेलं नसतं, म्हणून गोळी बदलताना कागद वाचा. कुत्र्याला पूर्वी फिट आल्या असतील तर हा गट डॉक्टरांना विचारूनच. गोचीड औषधाने मरते ती कुत्र्याला चावल्यावर, त्यामुळे पहिले काही दिवस अंगावर मेलेल्या गोचिडी दिसतील. औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

गुरांच्या इंजेक्शनला माझा स्वच्छ नकार. ते आयव्हरमेक्टिन असतं, गुरांच्या वजनाला बेतलेलं. कोली आणि त्याच्या संकरातल्या काही कुत्र्यांना ते मेंदूत जाऊन मारतं, आणि तुमच्या गावठी-संकरित कुत्र्याच्या रक्तात काय मिसळलंय ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. रॉकेल, डिझेल, जळकं ऑइल हेही नको. अंडकोशाची कातडी अंगावरच्या कातडीपेक्षा कितीतरी पातळ असते. रॉकेलने भाजून सोललेले अंडकोश घेऊन आलेले नर मी पाहिलेत, आणि ते पुन्हा ब्रीडिंगला आले नाहीत.

प्रश्न : मुलाकडे नॉर्थ कॅरोलायनात आलो आहोत. त्याच्या जर्मन शेफर्ड नराला गोचीड चावून ताप आला, पायांना आणि अंडकोशाला सूज आली. इथल्या डॉक्टरने ‘रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर’ सांगितलं आणि डॉक्सीच दिली. हा आपल्याकडचाच गोचीड ताप का? मुलाला त्याची पिल्लं हवी आहेत. – सध्या अमेरिकेतून, मूळ सांगली

उत्तर : जंतू वेगळा, औषध तेच. याला रिकेट्सिया म्हणतात. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरातच शिरतो, म्हणून कान, पाय आणि अंडकोश, जिथे बारीक वाहिन्या कातडीजवळ असतात तिथे, सूज येते. नराच्या अंडकोशाची सूज ही या आजाराची तिथल्या डॉक्टरांना चांगली ठाऊक असलेली खूण आहे. औषध वेळेत सुरू झालं की एक-दोन दिवसांत ताप उतरतो, आणि आपल्या एर्लिकियासारखा हा वर्षानुवर्षं मगजात दडून बसत नाही. उशीर झाला तर अंडकोशाची कातडी काळी पडून झडते. रंगावर लक्ष ठेवा, कुत्र्याला तिथे चाटू देऊ नका. पिल्लांचं विचाराल तर अडीच-तीन महिने जाऊ द्या आणि मग वीर्य तपासून ठरवा. तिथे ही सोय जागोजागी आहे.

मात्र हा आजार माणसाला होतो आणि माणूस दगावतोही. कुत्र्याला झाला म्हणजे ती गोचीड तुमच्या अंगणात आहे. कुत्र्याच्या अंगावरची गोचीड चिमट्याने काढा, बोटांनी नको. संध्याकाळी बागेतून आल्यावर सगळ्यांच्या काखा, जांघा, कानामागे, केसांत बघा, नातवंडांच्या विशेष. आणि पुढचे दोन आठवडे घरात कुणाला ताप, डोकेदुखी आली तर अंगावर पुरळ उठायची वाट न बघता दवाखान्यात जा. तिथे पहिलं वाक्य कुत्र्याच्या निदानाचं सांगा.